मोडलेल्या स्टडला इझी-आउट लावण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापुरात घरीच गाडीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बदलायला घेतलं, नट फिरवताना ८ मिमीचा स्टड (हेडमध्ये आट्यांनी घट्ट बसवलेला, बाहेरून नट लागणारा दांडा) मोडला, नखभर तुकडा इंजिनच्या हेडच्या बाहेर दिसतोय, तर इझी-आउट (मोडक्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलट्या दिशेनं रुतवायचं, तुकडा फिरवून काढायचं हत्यार) मागवू का?

नको. निदान आत्ता तरी नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फिटरकाम करताना अशी हेडं माझ्याकडे यायची. त्यातली खरी डोकेदुखी स्टड मोडलेल्या हेडांची नसायची, स्टडमध्ये इझी-आउट मोडून बसलेल्या हेडांची असायची. इझी-आउट फार कडक पोलादाचं, म्हणूनच ठिसूळ. अख्खा ८ मिमीचा स्टड पिळून मोडला तरी आटे सुटले नाहीत, ते त्याच्या पोटात घातलेल्या चार मिमीच्या काडीनं कसे सुटतील? आणि ती काडी आत मोडली की साधं एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल तिच्यावर नुसतं घसरतं. मग कार्बाइडचं ड्रिल, नाहीतर विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं स्पार्क इरोजन मशीन.

आधी हेडला चुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर हेड ॲल्युमिनियमचं. बहुतेक तसंच असणार, आणि पुढचं मी तसं धरूनच लिहितोय. लोखंडी स्टड, ॲल्युमिनियमचं हेड आणि मधे ओल, एवढं जमलं की आटे गंजायला लागतात. आट्यांत जो गंज होतो त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून स्टड आत ठासून बसतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या, चोर्ला घाटातून गोव्याला जा-ये करणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचंच दुखणं. बाकीचे स्टडही त्याच अवस्थेत असणार, त्यांना अजून पाना लावू नका.

आज फक्त तेल घाला. पेनिट्रेटिंग ऑइल असेल तर उत्तम. नसेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून चालतं. तेल घालायचं, स्टडच्या टोकावर सरळ रेषेत हलक्या हातानं हातोडी ठोकायची, पुन्हा तेल. रात्रभर ठेवा. आमचे एक मिस्त्री पोरांना म्हणायचे, "गडबड कशाला करूलालास? तेलाला वेळ दे की."

दुसऱ्या दिवशी उष्णता. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्टड नव्हे, स्टडभोवतीचं हेड तापवायचं. भोक मोठं होतं, पकड सैल होते. आधी सांडलेलं तेल आणि ॲसिटोन पुसून घ्या, पेट्रोलचा पाइप बाजूला करा. हॉट एअर गन पुरते. गॅस कटिंगचा टॉर्च अजिबात नको, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, हेडचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि तोवर दिसायला ते तसंच पांढरं असतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला की थांबा. मग बाहेरच्या तुकड्याला व्हाइस ग्रिप (आवळून अडकवता येणारी पक्कड) घट्ट लावा आणि आधी किंचित आवळायच्या दिशेनं रेटा, मग सोडायच्या. केसभर हलला की तेल, परत मागं-पुढं. एका दमात काढायला जाल तर उरलेलं नखही मोडेल.

हललाच नाही तर वेल्डर बोलवा. माझा सगळ्यात जास्त विश्वास या उपायावर आहे. तुकड्यावर नट ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आतल्या स्टडला वेल्ड भरायचा. लोखंडाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडचे आटे वाचतात. पकडायला मुंडी मिळते ती मिळतेच, पण खरं काम वेल्डची आच करते. ती थेट स्टडच्या गाभ्यात जाते, आणि तापून आकसताना स्टड गंजाची मिठी सोडतो. लाली गेली की, पण गरम असतानाच, पाना लावून मागं-पुढं करायचं. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावा, त्यात काही विशेष नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, गाडी इंजेक्शनची असेल तर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही. अर्थची क्लॅम्प स्टडच्या जितकी जवळ लावता येईल तितकी लावा. आणि कुठलाही क्लीनरचा स्प्रे मारलेला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय वेल्डिंग नाही. क्लोरीनवाले क्लीनर तापले की विषारी वायू होतो.

हेही फसलं तरच ड्रिल. हातात ड्रिल मशीन धरून नेम साधणं कठीण, कारण टोक कडक स्टडवरून घसरून मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. त्यापेक्षा टर्नरकडून (लेथवाल्याकडून) एक बुश, म्हणजे जाड पोकळ नळी, करून घ्या: बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात बसणारा, आत ३ मिमीचं भोक. बाहेरचं नख घासून सपाट करा, मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडवर बसवा, बुश घाला आणि ड्रिल त्यातून चालवा, मध्य आपोआप सापडतो. डाव्या आट्याचं, म्हणजे स्टड सुटायच्या दिशेनं फिरणारं, ड्रिल मिळालं तर तेच वापरा, कितीदा तरी भोक पाडता पाडताच तुकडा फिरून बाहेर येतो. पुढे ५, मग ६.५ मिमी. उरते ती आट्यांची पातळ गुंडाळी, ती टोकदार पंचानं ओढून निघते. हेडचे आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येतं. अशा स्टडसाठी ते मूळ आट्यांपेक्षा कमी नाही.

बुश करणारा लेथवाला उद्यमबागेत कुठल्याही गल्लीत मिळेल. खर्च विचारून घ्या, एवढ्याशा कामाला कोणी फार घेत नाही.

नवा स्टड घ्यायला जाताना जुना तुकडा खिशात ठेवा. ८ मिमीमध्ये साधारण १.२५ मिमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, तरी दुकानात नट फिरवूनच खात्री करा. हेडच्या भोकात टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून आटे साफ करा, तांब्याची अँटी-सीझ पेस्ट (आटे पुन्हा जाम होऊ न देणारी) थोडीशी लावा, आणि बाकीचे स्टडही याच फेरीत गरम असताना काढून बदलून टाका.