मडगावात राहतो, स्टाफ नोटेशन वाचता येते. क्लासिकल गिटारवर जुनी युरोपीय हार्मनी आणि उत्स्फूर्त वादन कसे शिकावे?

खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांच्या (बास) ओळीपासून सुरुवात करावी, म्हणजे चढत्या-उतरत्या सप्तकातील प्रत्येक खर्ज-स्वरावर ठरलेली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सांगणारा ‘रूल ऑफ द ऑक्टेव्ह’ आधी सी आणि जी मेजरमध्ये हातात बसवावा. अठराव्या शतकात नेपल्सच्या संगीतशाळांतील मुले दिलेल्या खर्जावर वरचे आवाज, म्हणजे सोबत चालणाऱ्या स्वतंत्र स्वर-ओळी, स्वतः रचत, ज्याला पार्तिमेंतो म्हणतात, आणि त्यातूनच उत्स्फूर्त वादन शिकत. गिटारवर खर्जावरून साथ करण्याचे नियम तर स्पॅनिश गिटारवादक गास्पार सांझ यांनी १६७४ मध्येच छापले होते. चर्चमध्ये सॉल्फा (डो-रे-मी म्हणत स्वर गाणे) शिकला असाल, तर प्रत्येक ओळ आधी गावी. मात्र पार्तिमेंतो मुख्यतः कीबोर्डसाठी असल्याने गिटारवर चार आवाजांचा हट्ट न धरता खर्ज आणि वरचा एकच आवाज ठेवावा.