वाचकांचे प्रश्न : टेड विल्यम्सचे .४०६

प्रश्न : १९४१ च्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी बेसबॉलपटू टेड विल्यम्सची फलंदाजीची सरासरी आधीच .४०० होती म्हणतात. ही सरासरी काढतात कशी? आणि तो खेळला नसता तर?

उत्तर : हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेसवर पोचणं) भागिले ॲट-बॅट (हिशेबात धरलेली फलंदाजीची पाळी). वॉक (चार चेंडू चुकीचे पडल्यामुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला तर ॲट-बॅट धरत नाहीत. २८ सप्टेंबरच्या सकाळी विल्यम्सचे ४४८ ॲट-बॅटमध्ये १७९ हिट होते, म्हणजे .३९९५५. तीन अंकांत लिहिलं की .४००. बाकावर बसून राहिला असता तरी नोंद पक्की होती. तो त्या दिवशीच्या फिलाडेल्फियातल्या दोन्ही सामन्यांत उतरला आणि ८ पैकी ६ हिट मारले. १८५ भागिले ४५६ : .४०५७, म्हणून .४०६.

एक बारकावा क्विझवालेही विसरतात. त्या वर्षी सॅक्रिफाइस फ्लायसुद्धा (झेल जाऊन स्वतः बाद होताना सहकाऱ्याला धाव मिळवून देणारा फटका) ॲट-बॅट धरला जाई; आजच्या नियमाने आकडा आणखी चढला असता.

‘.४०० गाठणारा शेवटचा खेळाडू’ असं उत्तर देताना मात्र ‘अमेरिकन किंवा नॅशनल लीगमधला’ (मेजर लीगच्या या दोन शाखा) हे जोडाच. २०२४ पासून निग्रो लीगचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या तेव्हाच्या वेगळ्या लीगचे) आकडे मेजर लीगच्या नोंदींत धरतात, आणि तिथे खेळलेल्या जॉश गिब्सनची १९४३ ची सरासरी आहे .४६६. सगळा घोळ इथेच होतो.