थीम पार्कचं तिकीट कागदी घ्यावं की प्लास्टिकचं? जास्त काय टिकतं?

तुम्ही विचारलंय की पार्कवाले वर्षाच्या पासासाठी साधं कागदी तिकीट किंवा जादा पैसे घेऊन प्लास्टिकचं कार्ड देतात, तर टिकाऊ काय. ते कोणीही सांगेल. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही हळूच एक ओळ टाकली आहे, "की कागदी घेऊन लॅमिनेट करून घेऊ?" मी त्या ओळीसाठी लिहायला बसलोय.

करू नका. माझं डोंबिवलीत १९९८ पासून झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे, लॅमिनेशनवर घर चाललंय, दोन पोरं शिकली. तरी सांगतो, करू नका.

२०१७ चा जून. बारावीचा निकाल लागून गेलेला, दुकानात कॉलेजच्या फॉर्मवाल्यांची झुंबड. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आम्ही, साडूंचं कुटुंब आणि सासू-सासरे असे अकरा जण मुंबईजवळच्या एका पार्कात जाणार होतो. नाव घेत नाही, कारण त्यांची त्यात काही चूक नव्हती, आणि आमच्या घरात चूक कोणाची हे अजून ठरायचं आहे. साडूंनी कुठल्याशा मॉलमधल्या स्टॉलवरून सवलतीत अकरा तिकिटं आणली होती. आमचे साडू बँकेतून रिटायर झालेले. बँकेतला माणूस कागद बघितला की आधी त्याला प्लास्टिकचं कव्हर शोधतो.

शनिवारी संध्याकाळी ते दुकानात आले. काउंटरसमोर आठ-दहा पोरं उभी, मी लिव्हिंग सर्टिफिकेटच्या कॉप्या काढतोय. साडू म्हणाले, "साडूभाऊ, पावसाळा आहे, त्यात वॉटर पार्क. तिकिटं भिजली तर? प्लास्टिकमध्ये घालून द्या, चिंता मिटली." मशीन तापलेलंच होतं. १२५ मायक्रॉनचा ए-फोर पाऊच घेतला, त्यात चार तिकिटं मांडली आणि रोलरला लावली.

पलीकडून जे बाहेर आलं ते शाळेतला फळा होता. चार छोटे फळे. कुळकुळीत काळे, वर सुंदर चकाकी.

दुकानातली पोरं गप्प झाली. साडू दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उलटं घालून बघा."

उलटं, सुलटं, उभं, आडवं, त्या कागदाला काही फरक पडत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बस कंडक्टरच्या मशीनमधून, एटीएममधून, हॉटेलच्या काउंटरवरून जो गुळगुळीत कागद मिळतो त्यावर शाई नसतेच. कागदाच्या एका अंगाला बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याला चेतवणारं रसायन असं दोन्ही शेजारी शेजारी बसवलेलं असतं. प्रिंटरचं गरम डोकं जिथे टेकतं तिथे ती दोन्ही वितळून मिसळतात आणि तेवढंच काळं उमटतं. साधारण सत्तर अंशांच्या आसपास हा खेळ सुरू होतो. आमच्या मशीनचा रोलर असतो एकशेवीस-तीस अंशांवर, आणि तो अक्षरं बघून टेकत नाही, सगळीकडे टेकतो. म्हणजे लॅमिनेशन मशीनने तिकीट जाळलं नाही, पानभर छापलं.

मी पोरांचे सुटे पैसे देत होतो तेवढ्यात साडूंनी पाचवं तिकीट पालथं करून स्वतःच्या हाताने पाऊचमध्ये घातलं आणि मशीनला लावलं. ते पण काळं झालं. हे पाचवं तिकीट लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सहा धड आणि पाच काळी तिकिटं घेऊन आम्ही गेटवर. काउंटरवरच्या मुलीने एक काळं तिकीट उजेडात धरलं, तिरकं धरलं, स्कॅनरखाली तीन वेळा फिरवलं. मागच्या बाजूला लाल शाईत छापील नंबर शाबूत होता, कारण तो प्रेसमध्ये छापलेला. साडूंनी त्यावर बोट ठेवून बँकेच्या आवाजात सांगितलं, "सिरियल नंबर आहे ना, मग तपासा सिस्टिममध्ये." पण तो नंबर कोऱ्या कागदाच्या रिळाचा होता, तिकिटाचा नंबर पुढच्या बाजूला बारकोडखाली होता आणि पुढची बाजू म्हणजे अमावस्या. मुलगी बिचारी नम्र होती. पाच तिकिटं नवीन काढावी लागली, तीही रविवारच्या दराने. पैसे मी भरले. तेव्हा भरले म्हणजे चूक कबूल केली, असा त्याचा अर्थ पुढची सगळी वर्षं लावला गेला. दिवाळीत फराळाला बसलं की कोणीतरी चकली उचलून म्हणतंच, "जरा जास्त तळली गेली का? साडूभाऊंच्या मशीनमधून आली वाटतं."

आता तुमच्या कामाची गोष्ट. गेटवर आमची सहा चांगली तिकिटं स्कॅन झाली, फाडली गेली आणि प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा बांधला गेला. पुढे दिवसभर पाण्यात गेला तो पट्टा. तिकीट पाण्याच्या पन्नास फूटसुद्धा जवळ गेलं नाही! ज्यापासून वाचवायला आम्ही त्याला लॅमिनेट केलं ते संकट त्याच्यावर येणारच नव्हतं. एक दिवसाच्या तिकिटाचं आयुष्य घरापासून गेटपर्यंत. ते टिकाऊ असून करायचंय काय?

आणि तो पट्टा. साडूंनी तिथेही वाद घातला, "बघा, कागदच बांधलाय." दिसतो कागदासारखाच. बहुतेक पार्कांत तो टायवेकचा असतो, म्हणजे पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला पत्रा. ड्युपाँट कंपनीचा माल, १९६७ पासून बाजारात आहे. भिजत नाही, ओढून फाटत नाही, कात्रीच लागते. म्हणजे कागद की प्लास्टिक या प्रश्नाचं सगळ्यात व्यवहारी उत्तर पार्कवाल्यांनी केव्हाच शोधून ठेवलंय, कागदाचं सोंग घेतलेलं प्लास्टिक. फक्त ते जपून ठेवता येत नाही. गोंदाच्या जागी मुद्दाम चिरा दिलेल्या असतात, काढायला गेलात की तुकडे होतात, दुसऱ्याला बांधता येऊ नये म्हणून.

साडूंचं म्हणणं आजही एका वाक्याचं आहे, कागद म्हणजे गेला, प्लास्टिक म्हणजे राहिलं. मला राग या वाक्याचा आहे, पाच तिकिटांचा नाही. (थोडा तिकिटांचाही आहे.) कारण या वाक्यात छपाई कुठेच नाही. कागद काय, प्लास्टिक काय, दोन्ही नुसती पाटी. टिकायचं असतं ते पाटीवर लिहिलेलं.

माझ्याकडे एस्सेलवर्ल्डचं १९९१ चं तिकीट आहे. पार्क सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, आम्ही कॉलेजातली चार टाळकी गोराईच्या बोटीतून गेलो होतो. जाताना बोटीत उडालेलं खाडीचं पाणी त्या तिकिटाने खाल्लंय, नंतर दाते पंचांगात पडून राहिलंय. कडा पिवळ्या झाल्या, पण अक्षरन् अक्षर वाचता येतं, कारण प्रेसची शाई कागदात मुरलेली. वडिलांच्या ट्रंकेत रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं निघाली, ती त्याहून जुनी. ती तर दोन बोटं रुंद, बिस्किटासारखी कडक. एकोणिसाव्या शतकात एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने काढलेला तो नमुना आपल्याकडे कॉम्प्युटर येईपर्यंत चालला. वाळवीने ट्रंकेतली गोधडी खाल्ली, तिकिटं नाही खाल्ली.

साडू म्हणतात, ही गावठी उदाहरणं झाली, परदेशात बघा. बघूया. डिस्नीलँड कॅलिफोर्नियात १९५५ च्या जुलैत उघडलं. एक नंबरचं तिकीट वॉल्टच्या थोरल्या भावाने, रॉयने, एक डॉलर देऊन घेतलं. कागदीच होतं, आणि ते कंपनीने अजून जपून ठेवलंय. नंतर त्यांनी राइडच्या कुपनांची पुस्तकं काढली, आधी ए, बी, सी, मग डी, आणि १९५९ मध्ये ई. ई म्हणजे सगळ्यात भारी राइडचं. १९८२ मध्ये ती पद्धत बंद झाली, पण न वापरलेली कुपनं लोक आजही हौसेने विकतात-घेतात. सत्तर वर्षांचा कागद. माझं २०१४ सालचं बँकेचं प्लास्टिक कार्ड बघा, तीन वर्षांत माझं नाव पुसून गेलं होतं.

प्लास्टिकचं कार्ड पाण्याला भीत नाही, हे कबूल. जाडी पाऊण मिलिमीटर, एटीएम कार्डाएवढीच. पण त्याचा फोटो आणि नाव वरवर छापलेलं असतं, पाकिटात घासून घासून जातं. मागच्या खिशात ठेवून बसलात की बारीक तडा जातो. आत चिप असेल तर तिच्याभोवती केसासारख्या तारेचं वेटोळं असतं, ते तुटलं की कार्ड वरून नवंकोरं आणि आतून गेलेलं. मागे काळी चुंबकीय पट्टी असेल तर पर्सच्या लोहचुंबकाच्या बटणापासून लांब ठेवा. स्वस्तातल्या पट्ट्या त्याने चक्क पुसल्या जातात. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलंत तर पापडासारखं वाकडं होईल.

तरी वर्षाचा पास असेल आणि तुम्ही वर्षात चार-पाच वेळा जाणार असाल तर कार्ड घ्या. जादा पैसे द्या. वर्षभर पाकिटात वागवायला गरमीवर छापलेला कागद निकामी आहे. एकदाच जाणार असाल तर कागदी पुरे. मोबाइलवर क्यूआर मिळत असेल तर तुम्ही हा प्रश्न का विचारताय मला कळलेलं नाही.

तिकीट कोणत्या जातीचं आहे ते ओळखायला कोपऱ्यात नखाने जोरात एक रेघ ओढा. काळी रेघ उमटली तर ते गरमीचं. त्याला इस्त्री, लॅमिनेशन, ऊन, सॅनिटायझर आणि अत्तर सगळंच वर्ज्य.

आणि हो, पारदर्शक प्लास्टिकचा खिसासुद्धा. हे सांगायचं राहत होतं, आणि यात माझा आनंद लपवता येणार नाही. त्या दिवशीच्या सहा चांगल्या तिकिटांपैकी स्वतःचा फाडलेला तुकडा साडूंनी आठवण म्हणून फोटो अल्बमच्या मऊ प्लास्टिकच्या खिशात ठेवला होता, मला दाखवायला, की बघा, प्लास्टिकमध्ये कसं टिकतं. २०१९ मध्ये मेहुणीने अल्बम काढला. खिशात पांढराशुभ्र कागद. छापील बोधचिन्ह तेवढं कोपऱ्यात, बाकी तारीख, वेळ, दर, सगळं गायब. ते प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि असली छपाई खाऊन टाकतं. पासबुकाच्या कव्हरात ठेवलेली एटीएमची चिठ्ठी कोरी होते ती त्यामुळेच. चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे मी सांगावं लागलं.

साडू म्हणाले, "निदान माझं पांढरं तरी झालं."

जपायचंच असेल तर पहिल्याच दिवशी झेरॉक्स काढा. धंद्याची जाहिरात नाही ही, टोनरमध्ये कार्बन असतो, तो उडत नाही. दोन रुपयांत काम होतं. मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवा. फक्त तो झेरॉक्सही मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, अक्षरं फोल्डरला चिकटून येतात. आणि मुंबई-कोकणातल्या दमटपणात कागदाला कसर आणि बुरशी लागते, वर मी पंचांगातल्या तिकिटाचं एवढं कौतुक केलं तरी त्याच पंचांगाची मागची पानं कसरीने जाळीदार केली आहेत हे लपवत नाही. शिवाय माझं म्हणणं साध्या पाऊचच्या गरम लॅमिनेशनबद्दल आहे. थंड, नुसत्या गोंदाचं लॅमिनेशनही मिळतं. गरमीच्या कागदावर ते वापरायला मी तरी धजत नाही, तो गोंदच पुढे छपाई खातो असं ग्राहकांच्या कागदांवर बघितलंय.

आणखी एक, म्हणजे उगाच कोणी कमेंटमध्ये विचारायला नको. पहिली चार तिकिटं मीच मशीनमध्ये घातली. एकोणीस वर्षं धंदा केलेल्या माणसाने कागद बोटांत घेतला की कळायला हवं होतं. कळतंही. त्या दिवशी गर्दी होती, आणि साडू शेजारी उभे राहून घाई करत होते. चार माझी, हे मी कधीच नाकारलं नाही. पण पाचवं त्यांचं. चार झाल्यावर घातलेलं. मी पाचाचे पैसे भरले, एकाचे मला यायचे आहेत.

ती पाचही काळी तिकिटं दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवली आहेत. कोणी एटीएमची चिठ्ठी नाहीतर पेट्रोलपंपाची पावती लॅमिनेट करायला आणली की मी काचेवर नुसतं बोट ठेवतो. एक गोष्ट मात्र बघणारे सगळे म्हणतात, लॅमिनेशन झकास झालंय. इतक्या वर्षांत एक बुडबुडा नाही, एक कोपरा सुटलेला नाही. पाचव्याचा सोडून. तो साडूंनी तिरका लावला होता.