लायब्ररीत दहाच मिनिटं

"मॅडम, अडीच वर्षांच्या मुलाला लायब्ररीत नेणं म्हणजे चारचौघांत शोभा करून घेणं. नेणं बंद करू का?"

ठाण्यातल्या एका आईचा हा प्रश्न. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण हीच काळजी घेऊन येणारे आईबाप मला वरचेवर भेटतात. कुणाचं मूल फळीवरची पुस्तकं खाली ओढतं, कुणाचं दारातच लोळण घेतं, कुणाला पुस्तकांपेक्षा पंख्याचं कौतुक जास्त. या एका घराची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण चिकू म्हणू.

आईची नोकरी ऐरोलीला. संध्याकाळी ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ठाण्याला उतरायचं, पाळणाघरातून चिकूला घ्यायचं आणि तसंच लायब्ररी गाठायची. सभासदत्व सासऱ्यांच्या, म्हणजे चिकूच्या आबांच्या नावावर. आबा बँकेतून निवृत्त झालेले. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी त्यांची खुर्ची ठरलेली, बरोबरची मंडळी ठरलेली, अग्रलेखावरची कुजबुजही ठरलेली. चिकू आत शिरला की त्याला आधी आबा दिसणार. मग "आबाऽऽ" अशी आरोळी आणि टेबलाखालून धाव. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं माना वर करतात, कुणीतरी 'च्च' करतं, आणि आबा पेपर तोंडासमोर धरतात.

"जशी काही आमची ओळखच नाही," ती म्हणाली. तेवढ्यापुरतं हसली आणि लगेच डोळे भरून आले. "शेवटी मी त्याच्या हातात मोबाइल देते. मग बसतो. लायब्ररीत जाऊन माझा मुलगा मोबाइल बघतो, मॅडम."

मी लायब्ररीबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, की त्याआधी त्याने खाल्लेलं कधी असतं?

पाळणाघरात चारच्या सुमारास. दुपारची झोप तीनला संपलेली. म्हणजे संध्याकाळी सातच्या आसपास चिकू भुकेला, दमलेला आणि दिवसभर आई न दिसलेला. त्या वेळी त्याला हवी असते आईची मांडी आणि वरणभात. त्याला मिळते ती अनोळखी माणसांनी भरलेली खोली आणि "शूऽ, गप्प!" म्हणणारी आई. या वेळेला मोठी माणसंसुद्धा घरी चिडचिड करतात. त्यांना कुणी लायब्ररीत नेऊन बसवत नाही, एवढाच फरक.

तिच्या मनात मात्र वेगळंच घर करून होतं. बऱ्याच वेळाने ते बाहेर आलं. "तो हायपर तर नाही ना?" रात्री मोबाइलवर वाचून वाचून तिने स्वतःच निदान करून टाकलं होतं.

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अर्ध्याअधिक आया याच भीतीपोटी माझ्यापर्यंत येतात. अडीच वर्षांच्या मुलाला "पळू नकोस" हे कळतं. पण पळायला निघालेले पाय थांबवायचे कसे, हे त्याला जमत नाही. कळणं आधी येतं, आवरणं फार मागून. मनाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पक्व व्हायला विशी उलटावी लागते. त्यामुळे या वयाचं मूल एका गोष्टीशी दोन-चार मिनिटं रमलं तरी मी ते बसलं असंच धरते. अतिचंचलतेचं निदान चार वर्षांच्या आत सहसा केलं जात नाही, कारण त्या वयात जवळपास सगळीच मुलं तशी दिसतात.

माझे प्रश्न वेगळे होते. नावाने हाक मारली की वळतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? दोन शब्द जोडून बोलतो का? "आई बश आली", "आबा पाणी दे" असं तो दिवसभर बोलतो, म्हणाली. यातलं काही होत नसतं, तर मी लायब्ररीचा विषय बाजूला ठेवून तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आणि असं कुणाच्या घरी होत असेल, तर त्यांनी "मुलगे उशिराच बोलतात" या शेजारच्या सल्ल्यावर विसंबून राहू नये.

मोबाइलवरून मी तिला बोल लावला नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलंय, की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त तासभर, तोही मोठ्या माणसाबरोबर. हे तिला पाठ होतं. पाठ असूनही ती मोबाइल देत होती, कारण खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. मुलाला शांत करण्यापेक्षा स्वतःची मान खाली जाऊ नये म्हणून आपण काय काय करतो, हा या धंद्यात रोज दिसणारा प्रकार.

वेळ बदला, शनिवारी सकाळी न्या, पोट भरून न्या, असं सांगून मी तिला पाठवलं. पुढच्या भेटीत कळलं, की ती गेलीच नाही. का? उत्तरं पटण्यासारखी नव्हती. पाहुणे होते, पाऊस होता. मी गप्प राहिले. मग तिने पर्समधून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

मोठ्या चित्रांचं, पातळ कागदाचं पुस्तक. मधलं एक पान आडवं फाटलेलं, वरपासून पार शिवणीपर्यंत. त्यावर सेलोटेपच्या तीन पट्ट्या, घाईत लावलेल्या, एकीखाली हवेचा फुगा राहिलेला. चित्रातल्या हत्तीची सोंड जोडताना जरा सरकली होती. शेवटच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवरची परतीची तारीख कधीच उलटून गेली होती. पुस्तक घरी कपाटाच्या वर, बॅगांच्या मागे ठेवलेलं. आबांना पत्ता नव्हता, आणि कार्ड आबांच्या नावाचं! इतक्या वर्षांत त्यांनी एका दिवसाचा विलंब आकार भरलेला नाही, ही त्या घरातली आख्यायिका.

तर ही खरी गाठ होती. चिकू बसत नाही ही तक्रार खोटी नव्हती, पण पाय अडखळत होता तो त्या फाटक्या पानाशी.

आबांना भेटायला बोलावलं. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "लायब्ररी म्हणजे काही उद्यान नव्हे." मग ठाण्याचं वाचनवेड त्यांनी मला ऐकवलं. वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी याच गावात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. आबा ज्या वाचनालयात जातात ते हे नव्हे, पण अभिमान गावभरचा असतो. मला त्यांचं पटलं. आपली जुनी वाचनालयं मोठ्यांनी मोठ्यांसाठी उभी केली. तिथली शांतता अनेकांना घरात मिळत नाही. वन रूम किचनमध्ये राहून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीचा त्या शांततेवर हक्क आहे, आणि चिकूच्या कौतुकापायी तो हिरावून घ्यावा असं मी कुणालाही सांगणार नाही. मुलांच्या बागडण्याला सगळ्यांनी कायम हसूनच बघितलं पाहिजे, हे हल्लीचं म्हणणं मला तितकंसं पटत नाही.

पण आबा नियमाचे माणूस, म्हणून मी त्यांच्याशी नियमाच्याच भाषेत बोलले. ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे मोठे नाव एस. आर. रंगनाथन. त्यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यांतलं एक असं, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. वाचकाचं वय त्यात लिहिलेलं नाही. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तर २००७ साली तान्ह्या बाळांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सेवेसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंच काढली. आबांनी खिशातून डायरी काढून साल टिपून घेतलं.

मग सुनेने पुस्तक पुढे केलं.

आबा बराच वेळ त्या हत्तीकडे बघत होते. म्हणाले, "अगं, मला सांगायचंस की. दंड भरला असता." थोड्या वेळाने, "ही सोंड वाकडी लावलीयस तू."

त्यानंतर जे ठरलं त्यात माझं डोकं थोडं, त्या दोघांचं जास्त. लायब्ररीत वाचायचं नाही. तिथे फक्त पुस्तक बदलायला जायचं, दहा मिनिटं, जास्तीत जास्त पंधरा. वाचन घरी, रात्री, आबांच्या पलंगावर. चिकूला तिथे एक काम द्यायचं: पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवणं, आणि पुढचं स्वतः निवडणं. निवडही दोनातूनच. सगळी फळी समोर आली की मोठ्यांनासुद्धा सुचत नाही. तो रडकुंडीला यायच्या आधी, रमलेला असतानाच बाहेर पडायचं. आयांना हेच सगळ्यात अवघड जातं. "आत्ता तर कुठे शांत झालाय, बसू थोडं," असं वाटतं आणि घात होतो. तरी किंचाळला तर माफी मागत उभं राहायचं नाही. उचलायचं, बाहेर पायरीवर न्यायचं. पुस्तक आबा बदलून आणतील.

आणि फाटलेलं पुस्तक लपवायचं नाही. चिकूला बरोबर घेऊनच परत करायचं, कारण वस्तू बिघडली तर माणसं काय करतात, हे त्याला बघायला मिळतं. घरी फाटू नयेत म्हणून सुरुवातीला जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं आणायची, पातळ पानांची पुस्तकं मोठ्यांच्या हातात राहतील. या वयाच्या बोटांना एक एक पान सुटं करणं नुकतंच जमायला लागलेलं असतं. फाटतं ते बहुतेकदा त्या धडपडीत, खोडीत कमी.

वाचायचं कसं, हेही आबांनी विचारलं. ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, विरामचिन्हांसकट वाचत होते आणि चिकू मध्येच पान उलटत होता. मी म्हटलं, उलटू द्या. चित्रावर बोट ठेवून "हे कोण?" विचारा आणि थांबा. मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. तो "हत्ती" म्हणाला की तुम्ही म्हणा, "हो, मोठ्ठा हत्ती, पाणी पितोय." त्याच्या शब्दात आपला एक शब्द घालायचा. तेच पुस्तक वीस वेळा मागेल, वीस वेळा वाचायचं. आबांना ही वीसची अट कठोर वाटली.

पुस्तक परत केल्याचा वृत्तांत तिने मला फोनवर सांगितला. काउंटरवरच्या बाईंनी पान उघडलं, टेपवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "फाटलं तर फाटलं, पण सेलोटेप कशाला लावलात? तिचा डिंक कागदात मुरतो, पिवळा पडतो. तसंच आणून द्यायचं, आम्ही खळ लावून चिकटवतो." बस्स. विलंब आकार घेतला, पावती दिली. चिकूचं सगळं लक्ष तारखेच्या शिक्क्यावर. पॅडवर टेकवायचा आणि चिठ्ठीवर दाबायचा, ठक्क! बाईंनी त्याचा हात धरून नव्या पुस्तकावर शिक्का मारू दिला. तारीख जरा तिरकी उमटली. आता घरात दुपारभर खोडरबराने वर्तमानपत्रावर शिक्के मारणं चालतं. आबांचा पेपर वाचून झाला आहे की नाही, याची चौकशी न करता.

तो अजूनही पळतो. एका शनिवारी वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली शिरून त्याने कुणाची तरी चप्पल पळवली. आई त्याला उचलून पायरीवर घेऊन बसली, आणि लोकांनी बघितलं. "बघू देत," असं ती मला म्हणाली, पण अजून थोडं दाताखाली धरूनच.

आबांचं मात्र नवीनच सुरू झालंय. मुलांची पुस्तकं भिंतीवरच्या वरच्या फळीवर असतात, तिथे मुलांचा हात पोचत नाही, हे इतकी वर्षं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी लायब्ररीच्या सूचना वहीत सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिलाय: खालची एक फळी बालवाचकांसाठी मोकळी करावी, एक चटई घालावी आणि शनिवारी सकाळचा एक तास मुलांसाठी राखून ठेवावा, म्हणजे इतर वेळी कुणाची तक्रार राहणार नाही. खाली रंगनाथनांचं सूत्र आणि १९३१ हे साल. कार्यकारिणीचं उत्तर अजून यायचंय. आबा दर आठवड्याला वही उघडून बघतात.