सगळी चित्रं सरांसारखी, मग हिचं स्वतःचं काय?

ताई, पत्र वाचलं. लेक बीएफए पेंटिंगच्या सेकंड इयरला, दहावीपर्यंत नुसतं अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टूनसारखी चित्रं, काढायची, कॉलेजात गेल्यापासून सगळी लँडस्केप्स अगदी सरांसारखी, आणि एकदा जेवताना बाबांनी विचारलं की ह्यात तुझं स्वतःचं काय गं, तेव्हापासून महिना झाला स्केचबुक उघडलेलं नाही. आता तिला अ‍ॅनिमेशनला टाकायचं का, हा तुमचा प्रश्न.

नका टाकू. निदान ह्या कारणासाठी तरी नको. अ‍ॅनिमेशन वाईट अजिबात नाही, पण रुसून घेतलेली अ‍ॅडमिशन फारशी टिकत नाही, आणि वर्ष नि फी जाते ते वेगळंच.

बाबांचा प्रश्न बरोबरच आहे, फक्त दोन वर्षं लवकर आला. मी शिकत होते तेव्हा आमच्या एका सरांची झाडं इतकी घोटली होती की माझा पिंपळ आणि माझी बाभूळ सारखीच दिसायची, वर मार्कही चांगले मिळायचे (तेच वाईट झालं खरं तर). आणि व्हॅन गॉगने १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेची चित्रं बघून बघून तैलरंगात उतरवली, पुढे मिले ह्या फ्रेंच चित्रकाराचीही कितीतरी रंगवली, तेव्हा तो काही नवशिका नव्हता. पण तो एकाच्याच मागे बसून राहिला नाही. तुमची लेक एकाच माणसाचं बघतेय, मला खटकतं ते हे.

म्हणून आधी ती जुनी अ‍ॅनिमेची वही कपाटातून बाहेर काढा. कॉलेजात पहिल्याच महिन्यात कोणीतरी हसतं आणि मुलं लाजून ते सोडून देतात, बहुतेक तसंच झालं असणार. तिला म्हणावं, आता ह्याच्या मागे मागे जा. जुन्या जपानी चित्रकार होकुसाईच्या रेखाटनांच्या पुस्तकांचं नावच मांगा, आज जपानी कॉमिक्सना म्हणतात तेच, पहिला भाग १८१४ चा, त्यात कामकरी, पैलवान, मासे, वाकडी तोंडं करणारी माणसं, काय वाट्टेल ते आहे. तिथून आपल्याकडे या. पुण्यात बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयाच्या संग्रहात चित्रकथी आहेत, म्हणजे एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची ती. चेहरा बाजूने आणि त्यात टपोरा डोळा! मोठ्ठे डोळे जपानहूनच यायला पाहिजेत असं काही नाही.

आणि दुसरं, ह्यावर माझा जास्त भर आहे. तिला असा विषय घेऊ दे ज्याचं उत्तर सरांकडे तयार नाहीये. नदी, घाट, संध्याकाळ हे सरांनी सोडवून ठेवलंय, ती नुसतं उतरवून घेते. त्यापेक्षा पुण्यातच कसबा पेठेत तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांकडे, जाऊन बसावं, कामाच्या दिवशी, सकाळी. मठारकाम, म्हणजे हातोडीने भांडं ठोकून त्यावर खळगे उठवणं, ते बघावं. भांडं सावकाश फिरत असतं, हातोडी एका लयीत पडत असते आणि प्रत्येक ठोक्याचा खळगा वेगळा उजेड पकडतो, भांडं जरा हललं की सगळे ठिपके जागा बदलतात. हे कसं काढायचं? सरांचा फ्लॅट ब्रश इथे चालणार नाही, अ‍ॅनिमेची रेघही पुरणार नाही, मग ती काहीतरी जुगाड करेल, पाच-सहा कागद वाया जातील, आणि त्या जुगाडात तिचं स्वतःचं सापडायला लागेल. बसण्याआधी कारागिरांना विचारायचं मात्र, नुसता मोबाईल काढून उभं राहायचं नाही.

करिअरचं म्हणाल तर बीएफए पूर्ण होऊ दे. पुढे बडोद्याला चित्रकलेत मास्टर्स आहे, डिझाइनकडे वळायचं असेल तर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एमडेस, म्हणजे डिझाइनमधलं मास्टर्स, आहे, तिथूनही अ‍ॅनिमेशनला जाता येतं. पोर्टफोलिओत कॉपी ठेवली तर खाली मूळ कोणाचं ते लिहायचं, लपवायचं नाही, आणि तांबट आळीचे फसलेले कागदही फेकू नका. मुलाखतीला हे असं का केलंस म्हणून विचारलं की तेच दाखवता येतात.

बाबांना सांगा, स्वतःचं काय हे विचारण्याऐवजी हे कुठनं घेतलंस असं विचारून बघा. पोरगी तासभर बोलेल. दोन महिन्यांनी मला परत लिहा, आणि फोटो पाठवाल ते फसलेल्या कागदांचेच पाठवा.