गोष्टीआधी सतरंजी

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकाच कामाबद्दल विचारणा जास्त आहे: शाळांत, उत्सवांत, वाढदिवसांना जाऊन मुलांना गोष्टी सांगणं. सारख्या शंका एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

शाळेच्या हॉलमध्ये पहिली-दुसरीची 120 मुलं असतील. वेळ 40 मिनिटं. दोन गोष्टी तोंडपाठ केल्या आहेत. पुरेल ना? (कासारवडवली)

तोंडपाठ केल्यात, काळजी तिथेच आहे. मधेच घंटा होते, कुणी उठून ‘बाई, शू’ म्हणतं, आणि पाठ केलेलं वाक्य तुटलं की पुढचं सापडत नाही. पाठ तीनच गोष्टी हव्यात: पहिलं वाक्य, मुलांनी म्हणायचं पालुपद आणि शेवटचं वाक्य. बाकीच्या गोष्टीचा सांगाडा एका कार्डावर सहा-सात ओळींत लिहा आणि प्रत्येक ओळीत कुणी काय केलं तेवढंच ठेवा. मधलं बोलणं दर वेळी नवं येऊ द्या.

दोन गोष्टी नेऊ नका. 40 मिनिटांतली दहा मिनिटं रांगा, बूट आणि बसणं यांत जातात. हाती उरतात 28 ते 30. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी एक 15 मिनिटांची गोष्ट, आधी पाच मिनिटं हात-आवाजाचा खेळ आणि शेवटी मुलांचं बोलणं, एवढंच बसतं. आणि 60-60 ची दोन सत्रं करता येतील का, हे शाळेला विचारून पाहा. विचारलं की बऱ्याचदा जमतं.

भोपळ्यातल्या म्हातारीचंच घ्या. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत कोल्हा, मग वाघ भेटतो, आणि ती ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा’ असं सांगून सुटते. यात जनावरं चार-पाच घालायचा मोह होतो. दोन, फार तर तीन पुरेत. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ पहिल्यांदा सावकाश शिकवा, दुसऱ्यांदा मुलांना म्हणू द्या, तिसऱ्यांदा लय वाढवा. फसतं ते इथे: ‘टुणूक’ला 120 मुलं उभी राहून उड्या मारतात आणि परत बसतच नाहीत. म्हणून शिकवतानाच सांगा की भोपळा मांडीवर उडतो. दोन्ही तळहात मांडीवर आपटायचे, बूड जमिनीवरच. वाघाचा आवाज घशातून खरवडून काढू नका, दुसऱ्या सत्राला घसा बसेल. सूर खाली न्या, शब्दांमधलं अंतर वाढवा, मान सावकाश वळवा. तेवढ्यात वाघ होतो.

अर्धा तास आधी पोहोचा आणि बसण्याची मांडणी स्वतः करा. सतरंज्या अर्धगोलात, मधे दोन चिंचोळ्या वाटा, म्हणजे तुम्हाला मागच्या ओळीपर्यंत जाता येतं. तुमच्या पाठीमागे कोरी भिंत असू दे. दरवाजा किंवा खिडकी असली तर मुलं व्हरांड्यातून जाणाऱ्या शिपायाकडेच बघतात. डोक्यावरचा खडखडणारा पंखा बंद करायला सांगा. आणि बाईंना आधीच नम्रपणे सांगा की मुलं गोष्टीत ओरडणार आहेत, ते चालेल. नाहीतर पालुपद रंगात आलं की मागून ‘फिंगर ऑन युअर लिप्स’ येतं आणि सगळी गोष्ट पडते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बोलावलं आहे. अर्ध्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. वाक्य मराठीत आणि मग इंग्रजीत सांगू का? (नेरूळ)

नको. पुढे इंग्रजी येणारच आहे हे दोन मिनिटांत मुलांच्या लक्षात येतं आणि मराठी वाक्याला ती कानच देत नाहीत. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं आहे, त्यामुळे मुलांना शब्द ओळखीचे असतात, फक्त वेगात कळत नाहीत. वाक्यं छोटी करा, क्रियापदाला हातवारे जोडा आणि नवे शब्द तीनच ठेवा. ते शब्द वस्तू म्हणून पिशवीतून काढा. सूप बाहेर काढून त्यात मूठभर तांदूळ पाखडून दाखवा. सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने तो आवाज बहुधा कधी ऐकलेला नसतो आणि तो शब्द पुन्हा समजावावा लागत नाही. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, अशी यमकाची गोष्ट या मुलांसाठी उत्तम, कारण अर्थ निसटला तरी ताल हाती राहतो.

वाढदिवसाला क्लबहाउसमध्ये गेले. दहा मिनिटांत निम्मी मुलं फुगे फोडायला पळाली. माझं काय चुकलं? (खारघर)

बहुतेक वेळ चुकली. केक कापल्यावर मुलांच्या पोटात साखर, हातात रिटर्न गिफ्ट आणि डोळ्यांसमोर जेवण असतं. गोष्ट केकच्या आधी ठेवा. पाहुणे येऊ लागल्यापासून साधारण अर्ध्या तासाने सुरू करा आणि 25 ते 30 मिनिटांत संपवा. संपताना पात्रांनाच केककडे न्या, म्हणजे यजमानांना वेगळी हाक मारावी लागत नाही.

यजमानांना आदल्या दिवशी फोनवर चार गोष्टी विचारा: मुलं किती, वयं काय, त्याच वेळी जादूगार, टॅटूवाला किंवा डीजे आहे का, आणि मुलं बसणार कशावर. ‘तीन ते बारा सगळ्या वयाची’ असं उत्तर आलं तर तीन-चार वर्षांच्यांना पुढे बसवा आणि मोठ्यांना कामं द्या. कुणी झांज वाजवेल, कुणी म्हातारीची काठी धरेल. दहा-बारा वर्षांचं मूल प्रेक्षक म्हणून कंटाळतं, मदतनीस म्हणून रमतं. फुगे छताला बांधायला सांगा. मोठी माणसं मागे खुर्च्यांवर गप्पा मारत बसतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मात्र त्यांच्या खुर्च्या मुलांपासून लांब, जेवणाच्या बाजूला ठेवून घ्या. क्लबहाउसच्या फरशी आणि काचेमुळे आवाज घुमतो. तिथे जोरात बोलल्याने शब्द आणखी गढूळ होतात, सावकाश बोलल्याने सुटे होतात.

गणेशोत्सवात मंडळाने रात्री नऊची वेळ दिली आहे. माइक त्यांचाच. काय सांभाळायचं? (नौपाडा)

वेळ बदलून मागा. आरतीनंतर प्रसाद घेऊन लोक पांगतात आणि लहान मुलं पेंगतात. आरती साडेसातला असेल तर पावणेसात ते सव्वासात ही उत्तम वेळ. शिवाय उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचा नियम आहे. काही ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण नऊचा कार्यक्रम साडेनऊला सुरू झाला तर तुमच्या गोष्टीचा शेवट घड्याळाकडे बघत होणार. दीड, पाच, सात दिवसांच्या विसर्जनाच्या तारखा टाळा, रस्ते आणि मुलं दोन्ही मिरवणुकीत असतात.

साउंडवाल्याला पहिलं वाक्य सांगायचं ते ‘एको बंद करा’. गाण्यासाठी लावलेला एको तसाच राहतो आणि ‘म्हातारी’चं ‘म्हातारी-तारी-री’ होतं. हातात धरायचा माइक घेतला तर तुमचा एक हात गेला, म्हणून डोक्याला अडकवायचा माइक मागा किंवा स्वतःचा न्या. त्याचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, थेट तोंडासमोर नको, ‘भ’ आणि ‘फ’ला फटका बसतो. कॉलरचा माइक लावलात तर गळ्यातलं आणि ओढणी त्यावर घासत नाही ना ते बघा. स्पीकर नेहमी तुमच्या पुढे, तोंड लोकांकडे. गोष्टीच्या भरात तुम्ही स्पीकरच्या पुढे गेलात की माइक शिट्टी मारतो. वायरलेस माइक सेलवर चालणारा असेल तर दर कार्यक्रमाला नवे सेल घाला.

गोष्टीसोबत वाजवायची डिमडी (चामड्याचं छोटं तालवाद्य) पावसाळ्यात सैल पडते, फदफद वाजते. (ऐरोली)

चामडं हवेतला ओलावा पितं, त्याला इलाज नाही. हलगीवाले शेकोटीवर शेकतात, हॉलमध्ये ते जमणार नाही. हेअर ड्रायर हातभर लांब धरून मिनिटभर फिरवा. फार जवळ धरलात तर चामडं कडेने तडकतं. जून ते सप्टेंबर फायबरच्या पानाची डिमडी किंवा सरळ टाळ-चिपळ्या न्या.

चित्रं दाखवत गोष्ट सांगायची आहे. त्याला चित्रकथी म्हणू का? (वाशी)

‘चित्रकथीच्या धर्तीवर’ म्हणा. चित्रकथी ही सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची परंपरा आहे. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. एकदा कार्यक्रमात हे सांगा, मुलांना आवडतं. मापाबद्दल: ए-थ्री कागदावरचं चित्र 25-30 मुलांच्या घोळक्याला दिसतं, त्यापुढे नाही. एका चित्रात एकच प्रसंग, जाड काळी रेघ, आणि कागद चकाकणारा नको, ट्यूबलाइटचा झोत त्यावर पडून मागच्यांना फक्त पांढरं दिसतं. चित्राच्या मागे पुढच्या प्रसंगाचा एक शब्द पेन्सिलने लिहून ठेवा.

मानधन कसं ठरवायचं? एका संस्थेने ठरल्यापेक्षा कमी रक्कम दिली. (कळवा)

कमी रक्कम टीडीएसमुळे, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या करामुळे, असू शकते. व्यावसायिक मानधनावर शाळा किंवा कंपनी 10 टक्के कापू शकते, म्हणजे 5,000 ठरले तर हातात 4,500. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना तुमच्या करात धरली जाते, जास्त झाली तर परत मिळते. पॅन दिला नसेल तर कपात 20 टक्क्यांवर जाते. टीडीएसही कापला नसेल, तर तो ठरावच तोंडी झाला असणार.

मानधन मिनिटांवर ठरवू नका. घोडबंदरहून खारघरच्या 40 मिनिटांच्या कार्यक्रमात ठाणे स्टेशन गाठणं, पनवेल लोकल, पुढची रिक्षा, मांडामांड आणि परतीचा प्रवास मिळून दिवस जातो. अर्ध्या दिवसाचा दर आणि प्रवासखर्च वेगळा धरा. एकाच दिवशी ठाण्यात आणि नवी मुंबईत कार्यक्रम घेतले तर मधे किमान अडीच तास सोडा. तारीख, वेळ, मुलांची संख्या आणि वय, माइक-सतरंजी कुणाची, रक्कम, आगाऊ किती, रद्द झाल्यास काय, एवढं एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशात लिहून समोरच्याचा होकार घ्या.

पुस्तकातली गोष्ट सांगितली तर चालते? (कोपरखैरणे)

लेखक हयात असताना आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. साने गुरुजींचं निधन 1950 मधलं, त्यामुळे त्यांचं लेखन 2011 पासून मुक्त आहे. लोककथा कुणाचीच नसते, पण तिचं एखाद्या लेखकाने केलेलं पुनर्कथन त्याचं असतं. त्याची वाक्यं उचलायची तर प्रकाशकाला मेल करून परवानगी घ्या. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार असाल तर तेही त्याच मेलमध्ये लिहा.

लहान मूल वाघाला घाबरून रडायला लागलं तर? (घणसोली)

जवळ जाऊन समजावू नका, त्याला वाघ तुमच्याच तोंडात दिसतोय. त्याला आई किंवा बाई मागे घेऊन बसू दे. गोष्ट थांबवू नका, फक्त वाघाला एक मोठी शिंक आणा.