एका ओरिजिनलच्या किमतीत तीन टोनर: घ्यावेत का?

प्रश्न: मी घरून अनुवादाचं काम करते. चार वर्षं जुना ब्लॅक-अँड-व्हाइट लेझर प्रिंटर आहे, वॉरंटी कधीच संपली. कामाचे मसुदे आणि मुलांच्या अभ्यासाचे कागद मिळून महिन्याला साधारण १२० पानं छापते. कंपनीच्या टोनरवर १,५०० पानं लिहिलेली असतात. त्या एका टोनरच्या किमतीत बिनब्रँडचे तीन मिळताहेत, सुटा घेतला तर ओरिजिनलच्या ४० टक्के किमतीत. असाच नवा प्रिंटर ओरिजिनल टोनरच्या अडीचपट किमतीला येतो. नवऱ्याचं म्हणणं, असल्या टोनरने प्रिंटरच जाईल. शिवाय हे बेकायदेशीर तर नाही ना, अशीही शंका आहे. काय करू?

उत्तर: एक जेनेरिक टोनर घ्या. तीनचा सेट घेऊ नका. तुमचा प्रिंटर नवा असता तर मी वेगळं सांगितलं असतं, म्हणून हिशेब नीट मांडतो.

ओरिजिनल टोनरची किंमत १०० धरू. म्हणजे सुटा जेनेरिक ४० ला, तीनचा सेट १०० ला आणि नवा प्रिंटर २५० ला. तुमची वर्षाची पानं १,४४०.

पानांच्या आकड्यावर आधी थोडं थांबावं लागेल. नावाजलेल्या कंपन्यांचा ब्लॅक टोनरचा आकडा सहसा आयएसओ १९७५२ या प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. तिचं चाचणीचं पान साधारण ५ टक्केच काळं होतं, म्हणजे मोकळ्या ओळींचं पत्र असावं तितपत. मुलांच्या चित्रांच्या आणि करड्या चौकटींच्या कागदांना त्याहून बरीच टोनरची पूड लागते. पण ती दोन्ही टोनरना सारखीच लागते, त्यामुळे तुलना बिघडत नाही. बिघडते ती जेनेरिकच्या खोक्यावरच्या दाव्याने, कारण तो आकडा चाचणीतून आला की ओरिजिनलवरून उतरवला, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून मी तिथे सरसकट २० टक्के कापतो आणि १,५०० ऐवजी १,२०० पानं धरतो.

आता वर्षाचा खर्च. ओरिजिनलने ९६. सुट्या जेनेरिकने ४८. म्हणजे बरोबर निम्मा. खोक्यांच्या किमती पाहून ६० टक्के बचत वाटते, पानामागे मोजली की ती ५० वर येते. तरीही चांगलीच आहे.

सेटचं काय? सेट घेतला तर वर्षाचा खर्च ४८ वरून ४० वर येतो. फक्त ८ चा फरक! त्यासाठी तुम्ही ३,६०० पानांचा, म्हणजे अडीच वर्षांचा साठा चार वर्षं जुन्या प्रिंटरसाठी आज विकत घेणार. दुसरं खोकं उघडाल तेव्हा परत करण्याची मुदत उलटून गेलेली असेल. मधेच प्रिंटर गेला तर उरलेले टोनर दुसऱ्या मॉडेलला बहुधा बसणारही नाहीत. ‘एकावर दोन’ ऐकलं की आपला हात खिशाकडे जातो, विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

नवऱ्याच्या धास्तीलाही आकड्यात बसवू, कारण ती अगदीच निराधार नाही. टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकची बारीक पूड. तिच्यात काळा रंग, मेण आणि विद्युतभार सांभाळणारे घटक मिसळलेले असतात. ड्रम नावाच्या फिरत्या नळीवर उमटलेली ही पूड कागदावर येते आणि फ्यूझरचे तापलेले रोलर ती वितळवून कागदात बसवतात. पुडीचं वितळण्याचं तापमान तुमच्या प्रिंटरशी जुळलं नाही, तर एक तर अक्षरं बोटाने पुसली जातात, नाही तर पूड रोलरला चिकटून पुढच्या भागावर पुसट सावली उमटते. कार्ट्रिजची, म्हणजे टोनरच्या डब्याची, सील ढिली असेल तर पूड प्रिंटरच्या आत सांडते. हे सगळं होऊ शकतं. प्रश्न असा की, ते किती वेळा झालं तर तुमची बचत बुडेल?

वर्षाची बचत ४८. प्रिंटर नवा असता तर २५० पणाला लागले असते. म्हणजे जेनेरिकमुळे वर्षभरात प्रिंटर कायमचा जाण्याची शक्यता पाचात एकाच्या आसपास असती, तर बचत तिथेच संपली असती. तुमचा प्रिंटर मात्र चार वर्षांचा आहे. अजून दोन वर्षं चालेल असं धरलं, तर सहा वर्षांच्या आयुष्यातला एक तृतीयांश भाग उरला, म्हणजे सुमारे ८३. आता तोटा व्हायला ही शक्यता निम्म्याहून जास्त असावी लागेल. टोनर कितीही सुमार असला तरी निम्मे प्रिंटर वर्षभरात कायमचे बंद पाडेल, हे मला पटत नाही. बहुतेक वेळा बिघाड म्हणजे डागाळलेली पानं आणि साफसफाईची कटकट. तेव्हा नवऱ्याची भीती खरी आहे, फक्त ती नव्या प्रिंटरला शोभणारी आहे.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. टोनर बाहेर काढून त्याच्या खालच्या बाजूला हिरवट किंवा निळसर चकचकीत नळी आहे का ते पाहा. हात लावू नका आणि उजेडात फार वेळ ठेवू नका. नळी असेल तर ड्रम कार्ट्रिजमध्येच आहे आणि खराब निघालेला ड्रम टोनरबरोबरच बाहेर जाईल. नसेल तर ड्रम वेगळा आहे, तो हजारो पानं चालतो आणि वाईट पुडीचा त्रास त्यालाच सोसावा लागतो. तसं असेल तर ड्रमची किंमत बघून ठेवा आणि ८३ ऐवजी कोणता आकडा पणाला लागतोय ते ठरवा.

तुम्ही न विचारलेला तिसरा पर्यायही आहे: कंपनीचाच जास्त पानांचा टोनर. अनेक मॉडेलना तो मिळतो. समजा तो दीडपट किमतीत दुप्पट पानं देतो. मग वर्षाचा खर्च ९६ वरून ७२ वर येतो, म्हणजे जेनेरिकची निम्मी बचत काहीही धोका न पत्करता. नव्या प्रिंटरच्या मालकाला मी डोळे मिटून हाच सांगतो. शाईसारखी ही पूड वाळत नाही, त्यामुळे तो सावकाश वापरला तरी चालतो. तुमच्या बाबतीत अडचण तीच, सेटची. ३,००० पानं म्हणजे दोन वर्षं, आणि प्रिंटर तेवढा टिकेल यावर १५० ची पैज लावायची.

कायद्याबद्दल: दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेला टोनर आणि नामांकित कंपनीचं खोटं लेबल लावलेला टोनर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला उघड व्यापार, दुसरी फसवणूक. ओरिजिनलच्या खोक्यात, ओरिजिनलच्या नावाने, निम्म्या किमतीत मिळणाऱ्या मालापासून लांब राहा. वापरलेली कार्ट्रिज पुन्हा भरून विकण्यावरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीविरुद्ध निकाल देताना सांगितलं की, कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. निकाल अमेरिकेपुरता आहे, पण कंपन्या आणि ग्राहक यांची ही ओढाताण कुठवर गेली आहे ते त्यातून कळतं.

आजकाल ही ओढाताण न्यायालयापेक्षा चिपमध्ये जास्त चालते. कार्ट्रिजवरची चिप प्रिंटरला ओळख देते आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की कालपर्यंत चालणारी परकी चिप आज नाकारली जाऊ शकते. २०१६ मध्ये एचपीच्या काही इंकजेट प्रिंटरबाबत असं झालं, ग्राहक खवळले आणि कंपनीला ते बंधन काढणारं अपडेट द्यावं लागलं. म्हणून जेनेरिक बसवण्याआधी प्रिंटरचं आपोआप अपडेट होणं बंद करता येतं का ते पाहा. मात्र नेटवर्कवरच्या प्रिंटरला सुरक्षेचे अपडेटही त्याच वाटेने येतात, हे ध्यानात असू द्या. आणि घेताना प्रिंटरसाठी ‘फक्त आमचीच कार्ट्रिज’ अशी अट मान्य केली असेल, तर माझा वरचा सगळा हिशेब रद्द समजा.

विक्रेता निवडताना स्वस्ताईपेक्षा परत घेण्याची मुदत पाहा. टोनर आला की कपाटात ठेवू नका, लगेच बसवून वीसेक पानं छापा. त्यांत एक गडद चित्राचं असू द्या. अक्षरांवर अंगठा घासा, पान दुमडून घडीवर काळं सुटतंय का ते पाहा, ठरावीक अंतराने डाग येताहेत का ते पाहा. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी परत. सध्याचा टोनर मात्र हाताशी ठेवा. ‘टोनर कमी’ असा इशारा बहुधा बराच आधी येतो. कार्ट्रिज आडवी धरून हळूच हलवली की अजून बरीच पानं निघतात. ती तुम्ही आधीच विकत घेतलेली आहेत.

ग्राहकाला सहीसाठी द्यायचे किंवा वर्षानुवर्षं जपायचे कागद महिन्याला मोजकेच असतील, तर तेवढे बाहेर छापून घेतले तरी बचत शाबूत राहते. मसुद्यांसाठी टोनर वाचवणारा मोड लावा. दोन्ही बाजूंनी छापून कागद वाचतो, टोनर नाही. आणि अनुवादाच्या कामाची पानं वेगळी मोजायला लागा. तो तुमच्या व्यवसायाचा खर्च आहे, पण मुलांच्या कागदांसकट तो सध्या घरखर्चातच जात असावा असा माझा अंदाज आहे.